खाडीच्या चिखलातला भाताचा भाऊबंद

गेल्या अंकात तळ्याकाठी आपोआप उगवणाऱ्या रानटी भाताबद्दल लिहिताना, भाताची एक जात थेट समुद्राच्या खाडीतही राहते असं मी ओझरतं म्हटलं होतं. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. त्यातली निवडक इथे घेते. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची मुळं त्यातच आहेत.

प्रश्न : आमचं गाव जांबोटीजवळ. लेक गोव्यात दिली आहे. दिवाळीनंतर तिच्याकडे गेलो होतो. रायबंदरहून फेरीबोटीनं मांडवीतल्या चोडण बेटाला जाताना ओहोटी लागली होती आणि काठाच्या चिखलात गुडघाभर उंचीचं हिरवंगार गवत दिसलं. आमच्याकडे नट्टी (भाताची लावणी) झाल्यावर वाफा दिसतो, अगदी तसं. जावई म्हणाले, ‘हे पाणी खारं आहे, इथे भात कसा येईल?’ मग ते गवत कुठलं?
— एक शेतकरी, जांबोटी (ता. खानापूर)

जावयांचं म्हणणं बरोबर आहे आणि तुमची नजरही बरोबर आहे. आपण लावतो तो भात त्या पाण्यात आठवडाभरही तग धरणार नाही. पण तुम्ही वर्णन केलंय तसं गवत गोव्याच्या खाड्यांमध्ये आहे, आणि ते भाताच्याच घराण्यातलं आहे. त्याचं शास्त्रीय नाव ओरायझा कोआर्क्टाटा. आपला भात म्हणजे ओरायझा सटायवा. आडनाव एकच, बघा. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात या गवताचं वर्णन केलं तेव्हाच त्याला भाताच्या कुळात (इंग्रजीत ‘जीनस’) बसवलं होतं. पुढे १९६५ साली जपानी शास्त्रज्ञ तातेओका यांनी त्याला वेगळं काढून पोर्टेरेशिया हे स्वतंत्र कुळ केलं. जुन्या पुस्तकांत आणि अजूनही बऱ्याच लेखांत तुम्हाला हेच नाव सापडेल. नंतर डीएनएचा अभ्यास झाला आणि गवत पुन्हा भाताच्या कुळात परत आलं. रॉक्सबर्ग यांनी हे सगळं नुसतं लोंबी, दाणा आणि पान बघून ओळखलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढच्या वेळी चोडणला जाल तेव्हा बोटीतून न बघता काठाला उतरा आणि एक पान हातात घ्या. आपल्या भाताचं पान पातळ आणि लवचिक असतं. हे पान जाड, चिवट, निळसर झाक असलेलं आणि कडेला खरखरीत लागतं. वरच्या बाजूनं नख फिरवलंत तर लांबच्या लांब वरंबे आणि सऱ्या जाणवतील, नांगर धरलेल्या शेतासारख्या. या सऱ्यांमध्ये डोळ्यांना न दिसणारे एकपेशी केस असतात आणि झाडाचं सगळं गुपित तिथेच आहे. मुळांवाटे जे मीठ आत आलं, त्यातलं जास्तीचं या केसांत साठवलं जातं आणि तिथून पानाबाहेर टाकलं जातं. भरती उतरून पान उन्हात वाळलं की वरच्या बाजूला पांढरट पूड दिसते. भिंग असेल तर त्यात मिठाचे चौकोनी खडे स्पष्ट दिसतात. भिंग नसलं तरी चालेल, पानाला जीभ लावून बघा. मी विद्यार्थ्यांना नेहमी तसंच करायला लावायचे. एकदा ती चव घेतली की पुढे तोंडी परीक्षेत कोणाला हे गवत विसरता येत नसे. पुढची भरती आली की ती पूड धुऊन जाते आणि पान पुन्हा कामाला लागतं.

आता ते नेमकं कुठे उगवतं, ते सांगते. ‘समुद्रकिनारी’ एवढं म्हणून भागत नाही. वाळूच्या किनाऱ्यावर ते मिळायचं नाही आणि लाटा आपटणाऱ्या खडकांवरही नाही. त्याला नदीनं आणलेला मऊ गाळ लागतो, लाटांपासून आडोसा लागतो आणि भरतीचं पाणी अंगावरून जाऊन ओहोटीला पूर्ण उघडं पडेल अशी नेमकी उंची लागते. दिवसातून दोनदा ते पाण्याखाली जातं आणि दोनदा उन्हात येतं. नदी आणि समुद्र यांच्या मधल्या त्या अरुंद पट्टीवर त्याचा संसार असतो. पाकिस्तानातल्या सिंधूच्या मुखापासून भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या खाड्या, श्रीलंका, गंगा-ब्रह्मपुत्रेचा त्रिभुज प्रदेश आणि पुढे म्यानमारपर्यंत त्याचा पसारा आहे. सर्वांत जास्त ते सुंदरबनात आणि बांगलादेशच्या किनाऱ्यावर दिसतं. तिथले लोक त्याला धानी घास म्हणतात. नदीनं नवीन बेट टाकलं की त्या उघड्या चिखलावर पहिला पाय हे गवत रोवतं. जमिनीखालून त्याची आडवी खोडं लांबवर पळतात आणि गाळ बांधून धरतात. मग त्या गवतात तिवराच्या आणि चिपीच्या बिया अडकतात, रुजतात आणि काही वर्षांनी तिथे खारफुटीचं रान उभं राहतं. रान उंच झालं, सावली पडली की गवत मागे हटतं आणि पुढच्या नव्या चिखलावर जातं. म्हणून सुंदरबनात खारफुटी लावायच्या आधी ढासळत्या काठावर हे गवत लावण्याचे प्रयत्नही झाले आहेत.

तुम्ही फेरीबोटीतून उतरल्यावर पुढे बांधाच्या आत भाताची शेतंही बघितली असतील. त्यांची आणि या गवताची गल्लत करू नका. ती खाजन शेती. गोव्यातल्या लोकांनी कित्येक शतकांपूर्वी खाडीकाठी मातीचे आणि जांभ्या दगडांचे बांध घातले आणि त्यांना मानस म्हणजे लाकडी झडपांची दारं बसवली. भरती आली की पाण्याच्या रेट्यानं झडप आपोआप मिटते आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलून उघडते. आत लावतात तो कोरगुट हा खारेपणा सोसणारा भात, पण तो माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला, आपल्याच सटायवाचा वाण आहे. तोही पावसाळ्यात, जमिनीतलं मीठ धुऊन गेल्यावरच लावतात. आपल्या कर्नाटकात कुमठ्याजवळ अघनाशिनीच्या खाडीत अशाच जमिनींना गजनी म्हणतात आणि तिथल्या भाताला कग्गा. थोडक्यात, बांधाच्या आत कोरगुट किंवा कग्गा आणि बांधाच्या बाहेर, उघड्या भरतीत, हा रानटी भाऊबंद.

प्रश्न : त्या गवताचा दाणा खाता येतो का? भाताच्या जातीचं आहे म्हणता, मग शेतकरी ते लावत का नाहीत?
— एक वाचक, येळ्ळूर

दाणा भाताच्या दाण्यापेक्षा मोठाच असतो, पण लोंबीत भरलेले दाणे कमी आणि तयार झाले की गळून पडायची घाई. रानटी भाताची ही खोड तुम्हा बासमती पिकवणाऱ्यांना सांगायला नको. दाणा गोळा करून पोट भरेल इतकं त्यातून निघत नाही. शिवाय याचं बियाणं कणगीत ठेवता येत नाही. आपण भात वाळवून, पाखडून वर्षभर ठेवतो, याचा दाणा मात्र वाळला की मरतो. त्यामुळे ते वाढतं ते मुख्यतः जमिनीखालच्या खोडांपासून, बियांपासून कमी. गुरं मात्र ते आवडीनं खातात, आणि सुंदरबनात चितळंही चरतात.

प्रश्न : म्हादई आमच्या खानापूर तालुक्यातून गोव्यात जाते. त्या खाडीतल्या गवताचा आमच्या पाण्याशी काही संबंध आहे का? की उगाच जोडायचं म्हणून जोडायचं?
— एक शिक्षिका, कणकुंबी

अजिबात उगाच नाही. तुमच्या पत्राचा मला सर्वांत आनंद झाला, कारण कणकुंबीच्या माणसानं हा प्रश्न विचारायलाच हवा होता.

म्हादई देगावच्या बाजूला उगम पावते, घाट उतरते आणि गोव्यात मांडवी होते. वाटेत ती दोन गोष्टी खाली नेते, गोडं पाणी आणि गाळ. उन्हाळ्यात पणजीच्या तोंडाशी मांडवी जवळजवळ समुद्राइतकी खारी असते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पावसाळ्यात मात्र वरून लोंढा येतो आणि त्याच खाडीचं पाणी पिण्याजोगं नसलं तरी गोडसर होतं. या चढउतारावर तिथलं सगळं जगतं. गवत मीठ सोसतं हे खरं, पण मिठाच्याच पाण्यात बारा महिने ठेवलं तर ते खुरटतं. पावसाळ्यातल्या त्या गोड्या महिन्यांत त्याला नवे फुटवे येतात आणि आडवी खोडं पसरतात. आणि उभं राहायला चिखल लागतो तो तर डोंगरातूनच यायचा. तुमच्या शाळेच्या पत्र्यावर पडलेला पाऊस एखाद्या ओढ्यातून माती घेऊन जातो आणि तीच चोडणच्या गवताखालचा गाळ होते, हे मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल.

आणखी एक गंमत दाखवा. तुमच्याच कणकुंबीत मलप्रभाही उगम पावते. ती पूर्वेला वळते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि ते पाणी आंध्रात बंगालच्या उपसागराला जातं. कृष्णेच्या त्या मुखाशी खारफुटीचं मोठं रान आहे आणि तिथेही भरतीच्या चिखलात गवतं उभी आहेत. त्यातलं एक म्हणजे मिरिओस्टॅकिया वायटियाना. हे माणसाच्या उंचीचं होतं आणि खाड्यांच्या कडेनं दाट भिंत करतं. ते आपल्या पश्चिम किनाऱ्याला मिळत नाही, बंगालच्या उपसागराभोवतीच मिळतं. म्हणजे एकाच गावच्या पावसाचा एक थेंब पश्चिमेला जाऊन भाताच्या रानटी भावाला भेटतो आणि दुसरा पूर्वेला जाऊन अगदी वेगळ्याच गवताला. भूगोलाच्या पुस्तकात जलविभाजक म्हणून एक रेघ असते, ती रेघ तुमच्या गावातून जाते.

म्हादईच्या पाणीवाटपात लवादानं कोणाला किती पाणी दिलं, हा वाद या सदराचा नाही. पण नदीचं पाणी समुद्राला ‘वाया जातं’ असं कोणी तुमच्यासमोर म्हणालं तर खाडीत त्या पाण्याचं काय होतं ते त्यांना जरूर सांगा. मासे, कोळंबी, कालवं, खाजनातला भात आणि हे गवत, सगळ्यांचं पोट त्याच पाण्यावर आहे.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावर टोकदार पानांचं, गोल काटेरी चेंडू येणारं गवत आहे. वाऱ्यावर ते चेंडू पळतात. तेच का हे?
— एक वाचक, कारवार

नाही. तुमचं ते रावणाच्या मिशा, शास्त्रीय नाव स्पिनिफेक्स लिटोरियस. ते कोरड्या वाळूच्या टेकड्यांवर, मर्यादवेलीच्या शेजारी राहतं. ते चेंडू म्हणजे मादी झाडाची फळं धरलेली डोकी, नर झाडं वेगळी असतात. त्याचं काम वाळू धरून ठेवण्याचं. खाडीतला चिखल धरणारं गवत बघायचं तर कारवारच्या किनाऱ्यावर न शोधता काळी नदीच्या मुखातून आत, खारफुटीच्या बाजूला जावं लागेल. तिथे भाताच्या या भावाबरोबर आखूड, जमिनीलगत पसरणारी गवतंही शोधा. भारताच्या खाऱ्या काठांवर एल्युरोपस लॅगोपॉइडिस आणि स्पोरोबोलस व्हर्जिनिकस ही त्यातली ठळक.

प्रश्न : बारावीला जीवशास्त्र आहे. इंग्लंडमध्ये खाडीच्या गवताची एक नवीनच जात डोळ्यांदेखत तयार झाली असं सरांनी सांगितलं. खरं का? ती भारतात आणली तर किनाऱ्याची धूप थांबेल का?
— एक विद्यार्थिनी, बेळगाव

खरं आहे आणि तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. ते गवत स्पार्टिना. आता त्याचा समावेश स्पोरोबोलस कुळात करतात, पण जुनं नाव अजून सगळीकडे चालतं. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याची स्पार्टिना आल्टरनिफ्लोरा एकोणिसाव्या शतकात जहाजांबरोबर इंग्लंडच्या साउदॅम्प्टनच्या खाडीत पोचली. तिथल्या स्थानिक स्पार्टिनाशी तिचा संकर झाला. तो संकर १८७० मध्ये सापडला, पण वांझ होता, बी धरत नव्हता. मग त्याच्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली आणि १८९०च्या सुमाराला बी धरणारी अगदी नवी जात उभी राहिली, स्पार्टिना अँग्लिका. उत्क्रांतीच्या पुस्तकांत हे उदाहरण अजून देतात. आपल्या खाडीतल्या भातालाही गुणसूत्रांचे चार संच आहेत. लागवडीच्या भातात २४ गुणसूत्रं, याच्यात ४८.

भारतात आणण्याचा विचार मात्र मनातून काढून टाक. चीननं १९७९ मध्ये किनारा सावरायला म्हणून अमेरिकेची स्पार्टिना मुद्दाम आणली. ती इतकी माजली की पाणपक्ष्यांची चरायची चिखलमैदानं आणि शिंपल्यांची जागा तिनं गिळली. आता ती उपटून काढायला तिथल्या सरकारनं देशव्यापी मोहीम चालवली आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातही ती १९७०च्या दशकात लावली, तिथल्या स्थानिक स्पार्टिनाशी तिचा संकर झाला आणि तोही डोईजड झाला. गाजर गवतानं आपल्या शिवाराचं काय केलं ते तू बघतेसच. आपल्या खाड्यांना आपलं गवत आहे, ते राखलं तरी पुष्कळ.

प्रश्न : निपाणीत आमचा तंबाखूचा व्यापार. खाडीच्या गवताचा आणि तंबाखूचा संबंध असल्याचं कुठेतरी वाचलं होतं. काय ते?
— एक वाचक, निपाणी

कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांना या गवतात एक जनुक सापडलं. पेशीत इनोसिटॉल नावाचं द्रव्य तयार करायचं काम त्याचं. भातातही तसं जनुक आहे, पण मीठ वाढलं की भाताचं काम थांबतं, गवताचं चालू राहतं. ते जनुक त्यांनी तंबाखूच्या रोपात घातलं आणि रोप मिठाच्या पाण्यात तगलं. हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. तंबाखूच का, तर प्रयोगशाळेत तंबाखूत परकं जनुक घालणं सोपं जातं. निपाणीच्या मळ्याशी त्याचा संबंध नाही.

शेतकऱ्याच्या उपयोगाचा प्रयत्न निराळा. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं हे गवत आणि आयआर ५६ हा भात यांचा थेट संकर करायचा घाट घातला. दोघं नात्यातले असले तरी इतके दुरावलेत की गर्भ धरेना. ३४,००० वेळा संकर केल्यावर तीन गर्भ वाचवता आले आणि त्यातला एकच वाढला. २०१३ मध्ये संस्थेनं ही बातमी दिली. त्या एका रोपाला पुन्हा पुन्हा भाताशी मिळवत, दाणा भाताचा आणि सोसण्याची ताकद गवताची, असा वाण बनवायचा तो मार्ग. असली कामं सावकाश होतात. पण मूळ गवतच खाडीतून नाहीसं झालं तर ती सुरूही होणार नाहीत. खाडी बुजवून तिथे काहीतरी बांधायला निघालेल्यांनी एवढा तरी विचार करावा.

प्रश्न : आमची कृष्णाकाठची ऊसाची जमीन क्षारपड झाली आहे, वर पांढरं फुटतं. हे खाडीचं गवत आणून लावलं तर जमीन सुधारेल का?
— एक शेतकरी, कागवाड

नाही सुधारणार, आणि त्यावर पैसे घालवू नका. त्या गवताला रोजची भरती आणि सैल ओला चिखल लागतो. तुमच्या काळ्या जमिनीत त्यातलं काहीच नाही.

तुमच्याकडचं मीठ समुद्राचं नाही, पाटपाण्याचं आहे. ऊसाला वर्षानुवर्षं भरमसाट पाणी दिलं, काळ्या मातीत निचरा नाही, खालच्या पाण्याची पातळी वर आली. ते पाणी उन्हानं उडून जातं आणि क्षार वर राहतात. म्हणून आधी मातीची तपासणी करून घ्या आणि तीन आकडे बघा. विद्युत वाहकता ४ डेसिसायमन्स प्रति मीटरच्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम, १५ टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण. दोन्हींचा इलाज वेगळा आहे. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत जिप्सम टाकून फायदा नाही, तिथे निचरा करून गोड्या पाण्यानं मीठ खाली धुवावं लागतं. जिप्सम लागतं ते चोपण जमिनीला. आणि निचरा दोन्हीकडे पहिला. चर काढा किंवा भूमिगत नळ्या टाका, पण शेजाऱ्यांना बरोबर घेऊन, कारण एकट्याच्या शेतातलं पाणी बाहेर जाणार कुठे? मग ढैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून गाडा. गवतच लावायचं असेल तर चोपण जमिनीसाठी कर्नाल गवत आहे, डिप्लाक्नी फुस्का. कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ पासून या कामात आहे आणि हे गवत त्यांनीच पुढे आणलं. वैरणही होते. आणि ऊसाचं पाणी निम्म्यावर आणा. ठिबक बसवलंत तर पुढच्या पिढीला जमीन राहील. हे मी कळकळीनं सांगते आहे, अथणी-रायबागकडची चांगली शेतं पांढरी पडताना बघवत नाही.

प्रश्न : आम्हाला महाविद्यालयाच्या सहलीत हे गवत बघायचं आहे. एक रोप आणून कुंडीत लावता येईल का?
— विद्यार्थी, खानापूर

कुंडीत नको. उपटून आणलं तर बहुतेक मरेल आणि काठाचा गाळ मोकळा होईल तो वेगळाच. चोर्ला घाटानं गोव्यात उतरा आणि मांडवीच्या काठाला जा. दिवस अमावस्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा निवडा, तेव्हा ओहोटी सर्वांत खाली जाते. ओहोटीची वेळ आधी भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा आणि त्याच्या तासभर आधी पोचा, म्हणजे पाणी हटताना गवत वर येताना दिसेल. चिखलात उतरू नका, पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि भरती येते तेव्हा ती थांबत नाही. बांधावरून हाताला येईल तेवढं एक पान घ्या. भिंग, वही आणि प्यायचं पाणी बरोबर ठेवा. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात जायचं असेल तर वन खात्याची परवानगी आधी काढा. तिथे तिवर, चिपी, कांदळ एकाच फेरीत बघून होतील.